पावणेदोन कॉलमांचं पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका कार्यालयाच्या सगळ्या सेवा आता घरबसल्या मोबाइलवर मिळणार, अशी तीन कॉलमी बातमी गेल्या आठवड्यात आपल्या ठाणे पुरवणीत होती. ती मी वाचत होते त्याच सकाळी आमच्या स्वयंपाकघरात जे घडलं, त्यामुळे हे पत्र लिहिते आहे. कार्यालय वेगळं होतं, पण असा अनुभव मला अनेक ठिकाणी आला आहे.

माझी मागणी आधीच सांगते. लोकांच्या कामाची कुठलीही वेबसाइट ताब्यात घेण्याआधी आणि तिचं बिल काढण्याआधी ती एका साध्या, स्वस्त फोनवर, खऱ्या मराठी मजकुरासह, ज्याच्यासाठी ती बनवली त्याच्या हातात देऊन तपासावी. आणि अरुंद पडद्यावर मजकूर एकाखाली एक येताना आधी काय आणि नंतर काय, हे वेबसाइट बनवणाऱ्यावर न सोडता खात्याने स्वतः ठरवावं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई किसननगरला राहतात. मुलीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. "काकू, अर्ज अजून सुटलेच नाहीत वाटतं, चार दिवस बघतेय," असं म्हणत त्यांनी फोन पुढे केला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण फोन व्यवस्थित चालणारा. पानावर योजनांचा तक्ता होता. अनुक्रमांक, योजनेचं नाव, विभाग, आणि काचेच्या उजव्या काठाशी नुसतं 'पात्र'. मी बोटाने पान डावीकडे ओढलं. 'पात्रता' पूर्ण झालं, मग शेवटची तारीख आली, मग माहितीपत्रक, आणि सगळ्यात शेवटी, सातव्या कॉलमात, 'अर्ज करा' असं हिरवं बटण. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मधल्या चार दिवसांत बाई दोन घरची कामं बुडवून त्या कार्यालयात जाऊनही आल्या होत्या. तिथे त्यांना 'सगळं ऑनलाइन आहे' एवढंच उत्तर मिळालं होतं.

अर्ज आम्ही दोघींनी डायनिंग टेबलावर बसून भरला. त्या दिवशी पोळ्या दुपारी झाल्या.

फोनवर आडवी सरकपट्टी डोळ्यांना दिसत नाही. बोट लावून ओढेपर्यंत ती लपलेली असते. पान उजवीकडे अजून पुढे आहे, याची कुठलीच खूण बाईंसमोर नव्हती. ज्याने तो तक्ता बनवला त्याने तो स्वतःच्या मोठ्या मॉनिटरवर बघितला असणार, आणि तिथे सातही कॉलम ऐसपैस बसले असणार. संध्याकाळी मी बाईंच्या फोनच्या मापाचा माझा फोन पट्टीने मोजला. काचेची रुंदी जेमतेम सात सेंटीमीटर. मग आपला त्या दिवशीचा अंक उघडून त्यावर फोन ठेवला. आठ कॉलमांपैकी पावणेदोन कॉलम झाकले गेले.

हा हिशेब मला सुचतो, कारण माझी उमेदीची वर्षं कॉलम मोजण्यात गेली. १९८६ साली मी एका दैनिकात पेस्टिंगला लागले. पुरवण्यांची पानं दुपारी लागत, म्हणून ठाण्याहून साडेअकराची लोकल पकडायचे. फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रातून मजकुराच्या लांबच लांब पट्ट्या ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, निघत. त्या कटरने कापायच्या, मागे रबर सोल्यूशन लावायचं आणि पानावर बसवायच्या. त्या पानावर फिक्या निळ्या रेघा असत: आठ कॉलम, आणि दोन कॉलमांमध्ये गटर, म्हणजे मोकळी सोडलेली पट्टी. तो निळा कॅमेऱ्याला दिसत नसे, त्यामुळे छापून आलेल्या अंकात रेघांचा मागमूस राहत नसे. वाचकाला त्या रेघा कधी दिसल्या नाहीत, पण त्याची नजर त्यांच्याच आधाराने चालत होती. एखादी पट्टी रेघेवरून दोन मिलिमीटर सरकली तर काय बिघडलंय हे वाचकाला सांगता येत नसे, पान मात्र त्याला अस्वस्थ वाटे. पुढे संगणकावर पान लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं, कटर गेला. रेघा मात्र पडद्यावरही निळ्याच राहिल्या.

माझी लेक आता ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. २०१३ साली ती कॉलेजात होती, आणि तिच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने तिने मला वेबपानाची मांडणी पहिल्यांदा उलगडून दाखवली. "आई, हे बघ, इथेही तुझे कॉलम आणि तुझं गटर." शब्दसुद्धा तोच होता, गटर. मी त्याच दिवाळीत तिच्याकडून शिकायला सुरुवात केली, आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीची, एका वाचनालयाची आणि गोखले रोडवरच्या दोन-तीन दुकानांची पानं मीच करते.

वेबपानाला बारा कॉलम का, हा माझा पहिला प्रश्न होता. आम्हाला आठाची सवय. आठाचे निम्मे होतात, पाव होतो, पण तिसरा हिस्सा होत नाही. तीन सारख्या चौकटी मांडायच्या असल्या की आम्ही कागदावर आकडेमोड करून गटर कमी-जास्त करत असू. बाराला दोनाने, तिनाने, चाराने आणि सहाने भाग जातो, म्हणून बारा. सुरुवातीला ही मांडणीही आमच्यासारखीच पक्क्या मापाची होती. ९६० पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची, रुंदी, तिच्यात साठ-साठ पिक्सेलचे बारा कॉलम, मध्ये वीस-वीसचं गटर. १०२४ रुंदीच्या मॉनिटरवर ते पान नीट मावायचं. पुढे फोन आले आणि ते पान त्यांत बसेना. काही पानं तर आजही फोनला स्वतःची रुंदी विचारतच नाहीत. मग फोन बिचारा पान साधारण ९८० पिक्सेलचं धरून आकसून दाखवतो आणि अक्षरं मोहरीएवढी होतात. कोडमधली एक ओळ लिहिली की हे टळतं, आणि ती एक ओळ विसरलेली वेबसाइट मला गेल्याच महिन्यात सापडली.

२०१० च्या मे महिन्यात इथन मार्कोट या अमेरिकन वेब डिझायनरने एका लेखात यावरचा मार्ग मांडला. मला तो फार सुंदर वाटतो, कारण त्यात शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचं काही नाही. माप पिक्सेलमध्ये न धरता प्रमाणात धरायचं. चार कॉलमांची चौकट ३०० पिक्सेलची असेल, तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. आता पान रुंद होवो की अरुंद, चौकट त्याच्या ३१.२५ टक्केच राहणार. चित्राला बजावायचं की आपल्या चौकटीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि पान ठरावीक रुंदीखाली गेलं की दोन चौकटींमधली बारा कॉलमांची वाटणीच बदलायची: संगणकावर आठ आणि चार, टॅबवर सहा आणि सहा, फोनवर बारा आणि त्याखाली बारा. पुढच्याच वर्षी बूटस्ट्रॅप नावाचा, वेबपानं मांडायचा तयार संच सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध झाला. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो आधी फोनचं पान धरतो आणि रुंदी वाढेल तसे कॉलम उलगडत नेतो. २०१७ पासून तर मोठ्या ब्राउझरांमध्येच ग्रिडची, म्हणजे कॉलम आखायची, सोय आहे. एक चौकट किमान किती रुंद हवी एवढं सांगितलं की आडवे किती कॉलम मावतील ते ब्राउझर आपणच मोजतो. हॉलच्या रुंदीप्रमाणे आचारी पंगती मांडतो, तसंच हे.

त्या शिष्यवृत्तीच्या तक्त्यासाठी मी त्याच रात्री घरी एक नमुना करून पाहिला. रुंद पडद्यावर तक्ता तक्ताच ठेवला. फोनवर मात्र तक्त्याची प्रत्येक ओळ एक उभी चौकट झाली. वर ठळक अक्षरांत योजनेचं नाव, त्याखाली शेवटची तारीख, मग पात्रता, आणि तळाला चौकटीच्या पूर्ण रुंदीचं 'अर्ज करा' बटण. अनुक्रमांक काढून टाकला. अर्जदाराला त्याचा काय उपयोग? दोन तासांचं काम होतं. सकाळी बाईंना काही न सांगता फोन हातात दिला. त्यांचं बोट थेट बटणावर गेलं.

साधनं अशी हाताशी आणि फुकट असताना पानं बिघडतात, याचं कारण मला वाटतं ते क्रमात आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

आठ कॉलमी पानावर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी वर असू शकतात. डावीकडे सिंगल कॉलम, मध्ये तीन कॉलमी टॉप, उजवीकडे डबल कॉलम बॉक्स, तिन्ही बातम्या पानाच्या माथ्यावर. फोनवर माथ्यावर एकच गोष्ट राहते. बाकी सगळं तिच्याखाली रांगेत. ती रांग कशी लागते? कोडमध्ये जे आधी लिहिलं ते आधी. संगणकासाठी पान आखताना डावा कॉलम आधी लिहिला जातो, मग मधला, मग उजवा. आता बहुतेक कार्यालयांचं पान डोळ्यांसमोर आणा. वर फोटोंची सरकती पट्टी, डावीकडे दुव्यांची यादी, मध्ये स्वागताचा मजकूर आणि मनोगत, उजव्या कॉलमात 'ताज्या सूचना'. मॉनिटरवर सूचना पहिल्या नजरेत दिसतात, कारण उजवा कॉलमही वरूनच सुरू होतो. फोनवर तोच उजवा कॉलम सगळ्यात तळाला जातो. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, शिबिर कुठे आहे, मुदत कधी संपते, हे फोटो, दुवे, स्वागत आणि मनोगत ओलांडल्यावर. असं करायचं कोणीच ठरवलेलं नसतं. कोणी काही ठरवलंच नाही, म्हणून ते तसं झालेलं असतं. दैनिकात हे ठरवायला उपसंपादक असायचा. 'ही टॉपला, ती अँकरला', म्हणजे पानाच्या तळाला, असं तो ओरडून सांगायचा आणि आम्ही पट्ट्या हलवायचो. वेबसाइटच्या कामात ती खुर्चीच रिकामी असते.

माझ्याही हातून हेच झालं होतं. वाचनालयाचं पान मी पहिल्यांदा केलं तेव्हा नवीन पुस्तकांची मुखपृष्ठं मधल्या रुंद भागात मांडली आणि वेळापत्रक उजव्या कॉलमात. मॉनिटरवर ते देखणं दिसत होतं. आठवड्याभरात वाचनालयात फोन येऊ लागले, "आज किती वाजेपर्यंत उघडं आहे?" वेळ तर पानावर होती, पण फोनवर ती चाळीस मुखपृष्ठांच्या खाली गेली होती. मग मी वेळापत्रक आधी आणलं.

ते आणताना मी एक सोपी युक्ती केली, आणि तीही नंतर मोडावी लागली. कोडमध्ये मजकूर होता तिथेच ठेवून फक्त दिसण्याचा क्रम बदलता येतो. डोळ्यांना वेळापत्रक वर दिसायला लागलं. पण आमच्या वाचनालयाचे एक अंध सभासद आहेत. ते फोनकडून पान वाचून घेतात. फोन वाचतो तो लिहिलेल्या क्रमाने, दिसणाऱ्या नव्हे. त्यांना अजूनही चाळीस पुस्तकांची नावं ऐकावी लागत होती. त्यांनी मला हे शांतपणे, तक्रारीचा सूर न लावता सांगितलं, आणि मला ते अजून टोचतं. त्या संध्याकाळी मी सगळं पान पुन्हा योग्य क्रमाने लिहून काढलं.

दुसरी गोष्ट मराठीची. बहुतेक तयार मांडण्या इंग्रजी मजकूर धरून केलेल्या असतात, आणि मराठी त्यात शेवटच्या आठवड्यात ओतली जाते. इंग्रजीत चार अक्षरांत जे 'होम' भागतं त्याला आपण 'मुख्यपृष्ठ' म्हणतो. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून 'महानगरपालिकेच्या', 'अधिकाऱ्यांकडून', 'मालमत्ताकराबाबत' असे शब्द अरुंद चौकटीत मावत नाहीत आणि शेजारच्या चौकटीवर चढतात. मेनूच्या सात दुव्यांची इंग्रजीत एक ओळ होते, तर मराठीत दोन होतात, आणि दुसरी ओळ खालच्या मजकुरावर बसते. मांडणी कोणत्या रुंदीला बदलायची, त्यासाठी टॅबला ७६८ पिक्सेल ही नेहमीची हद्द धरली जाते, पण मराठी मेनू मला तिथे क्वचितच मावलेला दिसला. मी सरळ ९९२ ची हद्द धरते आणि त्याखाली मेनू मिटवून ठेवते. हद्द कुठे आखायची हे संचाने सांगू नये, मजकुराने सांगावं.

ओळींमधल्या जागेचंही तेच. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार असतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. इंग्रजीसाठी ठेवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. मी अक्षराच्या उंचीच्या किमान १.६ पट अंतर ठेवते, ज्येष्ठांसाठीच्या पानांवर त्याहून थोडं जास्त. आणखी एक विनंती सगळ्या वेबसाइटवाल्यांना: फोनवर मजकूर दोन्ही कडांना जुळवू नका. अरुंद ओळीत मराठीचे तीन-चार शब्द बसतात आणि कडा जुळवण्यासाठी त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. सिंगल कॉलमात आम्ही त्या फटी हाताने, एखादा शब्द तोडून किंवा उपसंपादकाकडून एखादा शब्द बदलून घेऊन बुजवत होतो. फोनवर ते करायला कोणी बसलेलं नाही. डावी कड जुळलेली, उजवी मोकळी, हेच बरं.

नियम नाहीत असंही नाही. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. जगभर मानल्या जाणाऱ्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावं यासाठीच्या, निकषांमध्ये २०१८ साली एक स्पष्ट कलम आलं: ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवं न ओढता वाचता आलं पाहिजे. हे फक्त छोट्या फोनसाठी नाही. १२८० रुंदीच्या पडद्यावर ज्याची नजर अधू आहे असा माणूस अक्षरं चौपट करतो, तेव्हा त्याच्याही वाट्याला ३२० चंच पान येतं. तक्ते आणि नकाशे यांना त्या कलमात सूट आहे, हे खरं. पण अर्ज करायचं बटण तक्त्याच्या सातव्या कॉलमात नेऊन ठेवायला त्या सवलतीने सांगितलेलं नाही.

कंत्राटाच्या अटींमध्ये 'वेबसाइट मोबाइलवर चालावी' असं वाक्य असतं, ते मी पाहिलं आहे. त्याऐवजी असं लिहावं: ३२० आणि ३६० पिक्सेल रुंदीवर कुठलंही पान आडवं सरकता कामा नये, तपासणीचा मजकूर मराठी आणि खरा असावा, नमुन्याचा नव्हे, प्रत्येक पानावरची फोनवरची क्रमवारी खात्याच्या अधिकाऱ्याने कागदावर लिहून सही करून द्यावी. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण सही करायची म्हटलं की माणूस विचार करतो, आणि मनोगत पाणीकपातीच्या सूचनेच्या वर ठेवायचं का, हा प्रश्न एकदा तरी कोणाच्या तरी समोर येतो.

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कोणत्याही कार्यालयाला, शाळेला, वाचनालयाला आपलं पान असं तपासून हवं असेल तर मी विनामूल्य बसून देईन. नमुन्याचा तक्ता आणि त्याची उभी चौकट, दोन्ही माझ्याकडे तयार आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात या पत्रासोबत दिला आहे. तपासणीला बाईसुद्धा यायला तयार आहेत, त्यांना मी विचारलं. त्यांच्या त्या तासाचे पैसे मात्र कार्यालयाने द्यावेत, कारण त्या वेळात त्यांचं एक घर बुडतं.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर खालून कापावं. मागणी मी वरच लिहिली आहे.

आपली,
एक निवृत्त पेस्टिंग आर्टिस्ट
नौपाडा, ठाणे (प.)